आणखी कुणाला वाचता येतं?

२ फेब्रुवारी, रविवार

प्रिय आत्या,

मागच्या पत्रात एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की नव्या पंपाची ऑपरेटिंग सिस्टीम कोणत्या भाषेत लिहायची हे ठरवायला आम्ही तीन भाषा तपासतोय: सी, रस्ट आणि आपली, तू केलेली. तसं नाही. दोनच तपासतोय. आपली मी बैठकीत फळ्यावर लिहिली होती हे खरं, पण समोरून कुणीतरी विचारलं, "हे तिसरं काय?" आणि मी "काही नाही, चुकून" म्हणत पुसून टाकली. तुला लिहिताना मात्र ती अजून फळ्यावरच आहे असं लिहिलं, कारण तुला बरं वाटलं असतं. पत्र टाकल्यापासून चैन नाही.

बाकीचं सगळं खरं होतं. पंप म्हणजे रुग्णाच्या शिरेत औषध अगदी सावकाश सोडणारं यंत्र, पलंगाशेजारी उभं असतं ते. त्याची जुनी चिप आता मिळत नाही, नवी आली आहे, म्हणून तळापासून सगळं पुन्हा लिहायचं आहे. कोणत्या भाषेत, याची शिफारस मी करायची. मी सगळ्यांत लहान असूनही माझ्याकडे का आलं? कारण इतरांच्या मते हा प्रश्नच नाही. त्यांची सगळी हयात सीमध्ये गेली.

मला रस्ट हवी आहे. नवी चिप बसवलेल्या चाचणीच्या बोर्डावर सध्याचा सीमधला प्रोग्रॅम अधूनमधून थांबतो. रोज नाही, पण थांबला की थांबला. थांबल्यावर मी मेमरी उघडून पाहिली तर औषधाचे जुने आकडे तसेच पडलेले दिसले, एकदा सोडून दिलेली जागा पुन्हा वापरली की दिसतात तसे. सी हे चालवून घेते. रस्टचा कंपायलर, आपण लिहिलेलं तपासून चिपच्या भाषेत नेणारा, घेत नाही. वस्तू कुणाच्या हातात आहे, कुणी उसनी घेतली, परत केली का, याचा हिशेब लागल्याशिवाय तो प्रोग्रॅम तयारच होऊ देत नाही. पहिल्या आठवड्यात त्याने मला इतकं बोलून घेतलं की तुझी आठवण आली.

माझं टेबल चाचणीच्या मांडणीमागे आहे. पंखे सतत चालू असतात, त्यामुळे पलीकडे काय हसतायत ते ऐकू येत नाही, नुसतं हसतायत एवढं कळतं. खोलीवर आल्यावर घरमालकीण जिन्यात भेटली तर बोलणं होतं. आज ती भेटली नाही.

तुझी,
ठिपकी


९ फेब्रुवारी

प्रिय ठिपके,

दुरुस्ती पोचली. लहानपणी प्रत्येक तपासलेल्या ओळीपुढे ठिपका द्यायचीस, ते अजून सुटलेलं दिसत नाही. मला काही वाटलेलं नाही. पुसलीस ते बरं केलंस. कुणी विचारलं असतं, ही भाषा कुणाला येते, तर दोन बायकांची नावं सांगावी लागली असती, त्यातली एक निवृत्त आणि बहिरी.

पण तू तिसरी भाषा लिहिलीस तेव्हा मला ते खरंच वाटलं ना, त्यामुळे मी जरा पुढे गेले. तुझ्या चिपचं माहितीपुस्तक कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं. दुकानदार म्हणाला, आजी, परीक्षेला बसताय का. म्हटलं, हो, यंदा पास झालेच पाहिजे. मग रिकामा वेळ होता म्हणून आपली भाषा त्या चिपवर बसवली. बसली. छोटी आहे, कुठेही बसते, माझ्यासारखी. ती भरलेलं मेमरी कार्ड सोबत पाठवते आहे. वापरायचं नसलं तर टाकून दे, मी विचारणार नाही.

एक सांगू? तू थांबलेल्या प्रोग्रॅमची मेमरी पाहिलीस, इतर लोकांना विचारलंस, कंपायलरला विचारलंस. चिपला विचारलंस का? ती काय म्हणते?

मैत्रिणी झाल्या की नाही ते तू लिहीत नाहीस. आणि माझ्या भाषेची लाज वाटली असेल तर तसंही लिही. मला राग येणार नाही. आला तरी पत्र पोचेपर्यंत जाईल.

आत्या


१६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

लाज वाटली नाही. भीती वाटली. हे दोन वेगळे आहेत, आणि तू ते एक समजलीस म्हणून आधी तेच लिहिते.

तुला आठवतं का, आईबाबांच्या बदल्यांमुळे माझी शाळा सारखी तुटायची, म्हणून ती चार वर्षं मी तुझ्याकडे होते. तुझ्या जेवणाच्या टेबलावर मी बाराखडी आणि तुझी भाषा एकदमच शिकले. "पाच सात मिळव दाखव." आधी वस्तू, मग त्यांचं काय करायचं ते. मला वाटायचं सगळ्या जगातली यंत्रं अशीच बोलतात: घे, ठेव, बघ, सोड, थांब. कॉलेजात पहिल्या परीक्षेत मी उत्तर त्याच भाषेत लिहिलं. सरांनी वही सगळ्या वर्गाला दाखवली आणि विचारलं, "ही कोणत्या ग्रहावरची?" त्यांनी वाईट हेतूने विचारलं नव्हतं. वर्ग मात्र वर्षभर मला "ग्रहावरची" म्हणत होता. फळ्यासमोर तेच आठवलं.

कार्ड मिळालं. खणात ठेवलं आहे. बोर्ड कंपनीचा आहे, त्यात घरचं कार्ड घालणं मला प्रशस्त वाटत नाही.

बुधवारी बैठक झाली. बोर्ड का थांबतो ते मी सांगितलं. मोठे सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, एरवी फोनकडे बघत बसतात. या वेळी त्यांनी फोन पालथा घातला. म्हणाले, रुग्णाच्या शिरेत सुई आहे आणि आपलं यंत्र थांबलंय, याहून मोठं कारण कोणतं हवं. शिफारशीच्या मसुद्यात ते "कारण पहिलं" म्हणून गेलं आहे. उरलेली कारणं कुणी वाचली असतील असं वाटत नाही.

म्हणजे मी जिंकत आहे. तरी सांगते, बैठकीत एकच माणूस माझ्याशी खरं बोलला, तो विरोधात होता. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. जुन्या पंपाचा निम्मा कोड त्यांचा. ते म्हणाले, "तू सुट्टीवर गेलीस आणि हे बंद पडलं, तर आम्ही काय करायचं? कंपायलरची समजूत काढायची?" सगळे हसले. मीही हसले. नंतर जेवायच्या सुट्टीत मी त्यांच्या टेबलाशी गेले तेव्हा बोलणं हवापाण्यावर आलं. तेव्हापासून मी डबा माझ्या जागेवरच खाते, पंख्यांच्या आवाजात.

बाबा म्हणतात, तू नोकरी सोडलीस ती कानांमुळे. मी तुला कधी विचारलं नाही. विचारू का?

तुझी,
ठिपकी


२७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र नाही. मी ते विचारायला नको होतं का? फोन करावासा वाटतो, पण फोनवर मी ओरडते आणि तू अंदाजाने "हो हो" म्हणतेस, मग दोघींनाही वाईट वाटतं. म्हणून लिहितेच.

मी कार्ड घातलं. चाचणी-कक्ष सांभाळणाऱ्या बाईंना विचारून घातलं. त्यांनी बोर्ड मुख्य मांडणीतून सोडवून दिला आणि विचारलं, "व्हायरस नाही ना?" मी म्हटलं, "नाही, आत्या आहे." त्यांना काही कळलं नाही, पण त्या हसल्या.

पडद्यावर एकच शब्द आला: बोल.

 मग तू म्हणालीस तसं चिपलाच विचारायला लागले. टायमर हा तिचा एक भाग, ठरावीक वेळाने घंटा वाजवणारा. घंटा वाजली की औषधाचे आकडे ताजे होतात आणि पुढचा थेंब सुटतो. सीच्या प्रोग्रॅममधली टायमर सुरू करणारी प्रत्येक पायरी मी तुझ्या शब्दांत एकेक करून हाताने दिली. प्रत्येक वेळी घंटा वाजली. पुन्हा दिली. पुन्हा वाजली. मग त्याच पायऱ्या एका शब्दात बांधल्या, म्हणजे चिप त्या भराभर करील. घंटा वाजली नाही.

मी हळू टाइप करते म्हणून चालत होतं, आत्या. एवढंच होतं ते. टायमरला वीज दिल्यावर तो जागा व्हायला क्षणभर लागतो, कधी कमी, कधी जास्त. त्याआधी सांगितलेलं तो ऐकतच नाही, आणि ऐकलं नाही असंही सांगत नाही. तुझ्या छापलेल्या पुस्तकात ते तळटीपेत आहे, बारीक अक्षरात. मी बांधलेल्या शब्दात मध्ये एक "थांब" टाकला. त्यानंतर तो एकदाही अडला नाही, दुपारभर चालवून पाहिलं.

जुने आकडे मेमरीत पडले होते ते कुणी सोडलेली जागा पुन्हा वापरली म्हणून नव्हे. घंटाच वाजली नाही, म्हणून ते बदललेच नाहीत. यात सीचा काही दोष नाही. हेच मी रस्टमध्ये लिहिलं असतं तर कंपायलरने आनंदाने होकार दिला असता आणि बोर्ड असाच थांबला असता. चिपशी थेट बोलायचा भाग रस्टमध्येही कुंपणात टाकून आपल्याच जबाबदारीवर लिहायचा असतो. तिथे कंपायलर म्हणतो, आता तू आणि तुझं नशीब.

म्हणजे माझं पहिलं कारण खोटं आहे. रस्ट हवी हे मला अजूनही मनापासून वाटतं. हा कोड पुढे अनेकांच्या हातांतून जाणार, आणि माणसं थकलेली असताना चुका करतात. त्यांतल्या खूपशा चुका ती दारातच अडवते. पण हे खरं कारण कंटाळवाणं आहे. खोटं कारण लगेच पटतं, त्यात शीर आहे, सुई आहे. सरांचा फोन पालथा झाला तो खोट्या कारणाने.

मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. थांबण्याची चूक दुरुस्त केली, त्याखाली "वेळेची दुरुस्ती" एवढंच लिहिलं, आणि ते खरंही आहे. कुणी विचारलं नाही. विचारायला कुणी येतच नाही माझ्याकडे.

तुझी,
ठिपकी


८ मार्च

प्रिय ठिपके,

तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं. प्रकृती ठणठणीत आहे, बाबाला कळवून गोंधळ घालू नकोस.

कानांमुळे नाही. कान नंतर गेले, आणि कारण म्हणून आयते सापडले.

आमची कंपनी कापड विणायची यंत्रं बनवायची, हे तुला माहीत आहे. त्यांच्या आतलं सगळं माझ्या भाषेत होतं. मला तयार भाषा जड वाटल्या, त्या मशीनमध्ये मावायच्या नाहीत, म्हणून मी माझी केली. सुंदर चालायची. लोक म्हणायचे, "ताई, हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही." मला ते ऐकायला आवडायचं. रोज म्हटलं असतं तरी आवडलं असतं.

मग माझं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, आणि त्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या सगळ्या मशीन एका बाजूने सैल विणायला लागल्या. ऑफिसातले दोघं कागदांची चळत घेऊन दवाखान्यात आले. चांगली मुलं होती. पलंगाशी उभं राहून मला एकेक पान दाखवत होती आणि मला डोकंही उचलता येत नव्हतं. एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "अरे, यात कुठून वाचायला सुरुवात करायची तेच कळत नाही." तेव्हा मला उत्तम ऐकू येत होतं.

मी परत गेले तोपर्यंत त्यांनी बाहेरून तयार यंत्रणा विकत घेतली होती. दुसरं काय करणार? मला खुर्ची दिली, चहा दिला, वाढदिवसाला फुलं दिली. काम दिलं नाही. दोन वर्षं मी त्या खुर्चीत बसले. मग तुला माझ्याकडे ठेवायची वेळ आली आणि मी राजीनामा दिला. तेव्हा सगळे म्हणाले, भाचीसाठी केवढा त्याग. मी ते चालू दिलं. त्यागाचं नाव मिळत असेल तर कोण नको म्हणेल.

आणि तुला भाषा शिकवली ती तुझ्या भल्यासाठी असं घरात सगळे समजतात. तूही समजतेस. ठिपके, मला कुणीतरी बोलायला हवं होतं. एवढी मोठी भाषा आणि तिच्यात मी एकटीच बडबडत होते. तू पहिल्यांदा स्वतःहून "पाच सात मिळव दाखव" म्हणालीस तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. त्याचं मोल पुढे तू वर्गात मोजलंस, हे मला तुझ्या पत्रातून आत्ता कळलं. त्याबद्दल काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून ती तीन पत्रं फाडली.

रस्टचं पुस्तक आणवून वाचलं. शिस्त आवडली. बोलते फार. सीबद्दल मला विचारू नकोस, आमचं जुनं भांडण आहे. कोणती चांगली, हे मी सांगणार नाही. ती तुझ्या टेबलापलीकडे आणखी कुणाला वाचता येणार आहे, एवढं बघ. तो तुमचा भाऊ चेष्टा करत होता, पण दवाखान्यात कागद घेऊन येणारा तोच असेल.

पहिल्या कारणाचं काय करायचं ते तू मला विचारलं नाहीस. बरं केलंस. विचारलं असतंस तर रागावले असते.

आत्या


१३ मार्च, गुरुवार

प्रिय आत्या,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मी ते जिन्यात वाचलं, मग वर जाऊन पुन्हा वाचलं. नळाबद्दलचं वाक्य मला पाठ झालं आहे. मला वाटायचं तू मला शिकवत होतीस. आपण गप्पा मारत होतो हे मला माहीत असतं तर मी जास्त बोलले असते.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, नाहीतर पुन्हा दुरुस्तीचं पत्र पाठवावं लागेल. पंपासाठी मी तुझी भाषा निवडणार नाही. फळ्यावर ती पुसली नसती तरी निवडली नसती. ती मला सगळ्यांत आधी आली आणि सगळ्यांत जवळची आहे, पण पलंगावरच्या माणसाला तिच्यावर सोपवता येणार नाही. तू हे माझ्याआधीपासून जाणतेस हे तुझ्या पत्रावरून कळतं, तरी माझ्या हातून लिहिलेलं तुझ्याकडे असावं.

काल मी भाऊंना बोलावलं. पंख्यांपाशी, माझ्या टेबलाशी, पहिल्यांदाच. बोर्ड दाखवला. आधी पायऱ्या हाताने दिल्या, मग एकत्र बांधून, मग मध्ये "थांब" घालून. त्यांना शब्द कळत होते, अर्थात; कुणालाही कळतील. तिसऱ्या खेपेला घंटा वाजली तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे तू सांगितलंस ते कारण नव्हतंच."

मी म्हटलं, "नव्हतं."

 मला वाटलं आता उठून सरळ सरांकडे जातील, आणि गेले असते तर चूक म्हटली नसती. त्याऐवजी त्यांनी मला विचारलं की हे सोमवारच्या बैठकीत कोण सांगणार, मी की ते. मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "मग माझ्या सीचंच घोडं पुढे जाईल, हे कळतंय ना तुला?" मी म्हटलं, कळतंय. मग खुर्चीवरून उठता उठता ते म्हणाले, "ती रस्ट. लिहायचं राहू दे. मला नुसती वाचता यायला किती वेळ लागेल?"

आत्या, तुलना करून मी पानंच्या पानं लिहिली आहेत. वेग, जागा, चुका, सगळं मोजलं. हे कधी मोजलंच नव्हतं. मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "मग माहीत करून घे. सोमवारपर्यंत वेळ आहे." ते त्यांच्या टेबलाशी परत गेले आणि थोड्या वेळाने तिकडून हसण्याचा आवाज आला. कशावर ते मला कळलं नाही. माझ्यावर असेल किंवा नसेल. डबा मी आजही इथेच खाल्ला.

आज चाचणी-कक्षातल्या बाईंना मी टायमरचा तेवढाच तुकडा रस्टमध्ये लिहून दिला आणि म्हटलं, वाचा. त्यांना सी येते. कुठे अडल्या ते मी टिपत गेले. दोनदा अडल्या, एकदा मला शिव्या घातल्या, आणि शेवटी त्यांनी स्वतःच दाखवलं की वीज दिल्यानंतर थांबायची ओळ कुठे हवी. उद्या आणखी एकाला विचारीन. तो नाही म्हणेल बहुतेक, पण विचारीन. शनिवार-रविवार मसुदा पुन्हा लिहीन. पहिलं कारण काढल्यावर तो बराच आखूड होतो.

काय व्हायचं ते सांगता येत नाही. कदाचित मोठे सर फोन पुन्हा हातात घेतील. मी ठरवलं आहे ते असं: रस्टची शिफारस करीन, पण पहिल्या ओळीपासून आणखी दोघं माझ्याशेजारी बसून लिहिणार असतील तरच. त्या बैठकीत दोन हात वर आले नाहीत, तर मी सीच्या बाजूने सही करीन आणि तीच नीट लिहीन, रुसून नाही. एकटीने चांगल्या भाषेत लिहिण्यापेक्षा ते बरं, असं आता वाटतं. मनापासून वाटतं की घाबरून, ते तपासून पाहिलं. थोडं थोडं दोन्ही आहे.

पण हात वर करा म्हणण्याआधी एक करायचं आहे, आणि ते मोठे सर, भाऊ आणि सगळे समोर बसलेले असताना करायचं आहे. बोर्ड का थांबत होता याबद्दल मी त्यांना जे सांगितलं ते चुकीचं होतं असं म्हणून मी माझं पहिलं कारण मागे घेणार आहे. सोमवारी, १७ मार्चला, सकाळी अकराच्या बैठकीत.

तुझी,
ठिपकी